टॉपच्या टीममधला असा कोण आहे ज्याला कोणी विचारत नाही?

सराफ्यातला_भिया (इंदूर)

आमची बेसबॉलची सिम लीग बऱ्याच जणांना माहितीये, आऊट ऑफ द पार्क या कॉम्प्युटर गेमवर चालते, कमिशनर रविवारी रात्री सिम लावतो, म्हणजे गेमकडून मॅच खेळवून घेतो, आणि सगळे जेवण सोडून एक्सपोर्ट, म्हणजे आपापल्या टीमची फाइल, टाकायला धावतात. यंदा माझी टीम पहिल्या दोनात आहे (हो, मलाही पटत नाहीये). ट्रेड डेडलाइन, म्हणजे प्लेयर अदलाबदलीची शेवटची तारीख, जवळ आलीये म्हणून इनबॉक्स भरलाय, कोणाला माझा शॉर्टस्टॉप हवा, कोणाला एक नंबरचा पिचर, पण ज्याच्या जिवावर मी इथवर आलो त्याचं नाव एकानेही काढलं नाही यार.

रेटिंगमध्ये दोन स्टारचा यूटिलिटी आहे, म्हणजे कुठेही उभा करा असा फिल्डर. सेकंड बेस, थर्ड बेस, लेफ्ट फील्ड, अडलं तर शॉर्टस्टॉप. सगळीकडे चालतो, भारी कुठेच नाही. धाकटा भाऊ त्याला जीरावण (आमच्याकडे पोह्यावर टाकतात तो मसाला) म्हणतो, कारण पोह्याच्या दुकानात कोणी "एक प्लेट जीरावण" मागत नाही पण वरून भुरभुरलं नाही तर भिया लोक प्लेट परत करतात.

आता हिशोब बघा. रोस्टर, म्हणजे टीमची यादी, २६ चं, त्यात पिचर जास्तीत जास्त १३, म्हणजे बॅटर १३. डीएच (पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करणारा) धरून नऊ लाइनअपमध्ये गेले, उरले चार. त्यातला एक बॅकअप कॅचर, त्याला हात लावायचा नाही. राहिले तीन, आणि या तिघांत शॉर्टस्टॉपची सोय, सेंटर फील्डची सोय, पिंच हिटर (ऐनवेळी दुसऱ्याच्या जागी बॅटिंगला येणारा), पिंच रनर (तसाच पळायला येणारा), डावऱ्या पिचरसमोर खेळणारा उजवा बॅटर, सगळं बसवायचं. जीरावण एकटा चार जागा सांभाळतो म्हणून मला एक नुसता पळणारा आणि एक नुसता डावऱ्यांना मारणारा ठेवता येतो. आता हे ओव्हरऑल रेटिंगच्या आकड्यात कुठे दिसतं सांगा.

तुमच्याकडे असा कोण आहे? आणि गेमचं इंजिन याची खरंच किंमत करतं की मीच उगाच भावुक होतोय?

खंडेराव_मार्केट (बडोदा)

बॅकअप कॅचर. विषय संपला.

नाही, सांगतो. गेल्या सीझनला मी माझ्या मेन कॅचरला रोज खेळवला, कारण बॅट चांगली चालत होती आणि दुसऱ्याची बॅटिंग बघून लाज वाटायची. कॅचर थकतो, ते स्क्रीनवर दिसत असतं पण आपण बघतो कुठे. सप्टेंबर येईपर्यंत त्याची बॅटही गेली आणि मी प्लेऑफच्या दारातून परत आलो. यंदा आठवड्यातून दोन दिवस दुसऱ्याला देतो. त्याला बॉल लागत नाही, खरंच लागत नाही, पण डिफेन्स एक नंबर, पिच अशी पकडतो की कडेवरचे बॉल स्ट्राइक मिळतात. मोरे आणि मोंगिया दोघेही आमच्या बडोद्याचे, कीपरची किंमत आम्हाला दुसऱ्याने शिकवायची गरज नाही ने.

मुरारचा_काका (ग्वाल्हेर)

पोरांनो, तुम्ही कॉम्प्युटरवाले. मी न्यू जर्सीत नोकरीला होतो तेव्हा आम्ही स्ट्रॅट-ओ-मॅटिक खेळायचो, १९६१ पासूनचा खेळ आहे, कार्डं आणि फासे. एका फाशावर १-२-३ पडलं तर बॅटरचं कार्ड, ४-५-६ पडलं तर पिचरचं. ॲडव्हान्स्ड कार्डावर डावऱ्या आणि उजव्या पिचरसमोरचे आकडे वेगवेगळे असायचे, त्यामुळे अर्धवट प्लेयरची किंमत तिथे लगेच कळायची. स्वस्तातले दोन अर्धे घ्यायचे, एक डावा एक उजवा, आणि आलटून पालटून खेळवायचे, मिळून एक स्टार होतो. तुमच्या गेममध्येही असे वेगवेगळे आकडे, म्हणजे स्प्लिट, दिसतात, ते उघडून बघत जा.

आणि पिंच रनरचा विषय काढलाच आहेस तर २००४ आठव. बोस्टनची टीम यांकीज टीमसमोर सिरीजमध्ये ०-३ मागे, चौथी मॅच, नववी इनिंग, एका रनने मागे, समोर यांकीजचा पिचर रिव्हेरा. बोस्टनच्या मिलारला वॉक, म्हणजे फुकट फर्स्ट बेस, मिळाला, त्याच्या जागी डेव्ह रॉबर्ट्स पळायला आला. हा बेस चोरणार, म्हणजे पिच पडताच पुढच्या बेसवर पळणार, हे अख्ख्या ग्राउंडला माहीत. रिव्हेराने तीनदा फर्स्टला फेकून बघितलं, तरी पहिल्याच पिचवर याने सेकंड चोरलं. म्युलरच्या हिटवर घरी आला, बाराव्या इनिंगमध्ये ऑर्टीझने होमरन मारून मॅच संपवली. तिथून बोस्टनने सलग आठ मॅच जिंकून वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल, घेतली, आणि त्या वर्ल्ड सिरीजमध्ये रॉबर्ट्स एकही मॅच खेळला नाही. (२०२३ पासूनच्या नियमात असा तिसरा थ्रो फुकट गेला तर बॉक, म्हणजे पिचरची चूक धरून सेकंड बक्षीस.)

विजयनगरचा_हिशेबनीस (इंदूर)

काका, मान राखून बोलतो, पण रॉबर्ट्स लक्षात राहिला कारण ते जमलं. न जमलेले कोण सांगतं? ओकलंडने १९७४ मध्ये हर्ब वॉशिंग्टन नावाचा स्प्रिंटर घेतला होता, फक्त पळायला. १०५ मॅच, बॅट एकदाही हातात नाही, ३१ बेस चोरले आणि १७ वेळा पकडला गेला. म्हणजे शंभरात पासष्टच्या आत, एवढ्यात चोरी परवडत नाही. वर वर्ल्ड सिरीजमध्ये नवव्या इनिंगला फर्स्टवर पिकऑफ, म्हणजे बेस सोडून उभा असताना पिचरच्या थ्रोवर आऊट, झाला तो वेगळाच. नुसता स्पीड ९० बघून भिडू घेणाऱ्यांनी स्टीलिंगचं रेटिंग पण बघावं एवढंच म्हणणं आहे.

क्रिकेटमध्ये आपल्या होळकर टीमच्या चंदू सरवट्यांनी १९४६ ला ओव्हलवर शूट बॅनर्जींबरोबर शेवटच्या विकेटला २४९ ची पार्टनरशिप केली, दोघांच्याही सेंचुरी. अभिमान मलाही आहे, पण म्हणून कोणी दहा-अकरा नंबरवर सेंचुरीवाला शोधत बसतं का? रोल प्लेयरचं सॅम्पलच एवढं छोटं असतं की १६२ मॅचमध्ये त्याने चार जिंकून दिल्या की नशिबाने दिल्या ते सांगताच येत नाही.

सराफ्यातला_भिया

@हिशेबनीस नशीब मान्य, पण मी त्याच्यावर पैसे कुठे लावतोय, तो मिनिमम पगारावर आहे. पडला तरी काय जातंय माझं.

खंडेराव_मार्केट

लाँग रिलीव्हर राहिला, म्हणजे मागून येऊन बऱ्याच इनिंग टाकणारा पिचर. २०१८ ची वर्ल्ड सिरीज, तिसरी मॅच १८ इनिंग चालली, बोस्टनच्या एओवाल्डीने रिलीफमध्ये येऊन ९७ पिच टाकले आणि डॉजर्सच्या मन्सीच्या होमरनवर हरला. पण बाकीच्या पिचरांचे हात वाचले आणि बोस्टनने सिरीज ४-१ ने मारली. बॉक्स स्कोअरमध्ये त्याच्यापुढे नुसता लॉस. गंमत म्हणजे समोर डॉजर्सचा मॅनेजर कोण, तर काकांचा रॉबर्ट्स.

मुरारचा_काका

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वा.

सराफ्यातला_भिया

खंडेरावभाऊ, आत्ता जीरावणसाठी पहिली ऑफर आली, पाठवणारे तुम्हीच. थ्रेड टाकायलाच नको होता.

खंडेराव_मार्केट

रिजेक्ट दाबायच्या आधी समोर कोण ठेवलाय ते बघ तरी. डावऱ्यांचे स्प्लिट उघड.