अगाथा ख्रिस्ती : औषधांचं काम चोख असलेली पुस्तकं कोणती? (आणि एका पेन्सिलवाल्याबद्दल तक्रार)

कारंजावाला

नमस्कार मंडळी. नाशकात रविवार कारंज्यापासून हाकेच्या अंतरावर माझं मेडिकल आहे, बत्तीस वर्षं झाली. वाचनात मी कच्चा. लहानपणी बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचायचो. वडिलांनी एकदा पकडलं, पाठीत धपाटा बसला आणि वाचन तिथेच थांबलं. त्यानंतर वाचली ती डॉक्टरांची अक्षरं.

गणपतीत मुलगी घरी आली आणि 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' हातात देऊन म्हणाली, "बाबा, हे तुमच्या धंद्यातलं आहे." अगाथा ख्रिस्तीची ही पहिली कादंबरी. १९१६ साली लिहिली, पाचसहा प्रकाशकांनी परत पाठवली आणि शेवटी १९२० मध्ये छापून आली. माझं इंग्रजी हळू. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, तेव्हा काउंटरवर बसून पंधरा दिवसांत संपवली.

आता खून कसा झाला ते सांगतो, कोणी केला ते नाही. ज्यांना एवढंही नको असेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.

म्हातारीच्या टॉनिकमध्ये स्ट्रिक्नीन आहे, अगदी थोडं, औषधापुरतं. स्ट्रिक्नीन म्हणजे आपल्या कुचल्यातलं विष. अग्नितुंडी वटीत शुद्ध केलेला कुचला असतो, ती मी आजही विकतो. तर या टॉनिकच्या बाटलीत कोणीतरी झोपेची ब्रोमाइडची पूड टाकतं. बाहेरून विष आणायचं कामच नाही! ब्रोमाइडने आतलंच स्ट्रिक्नीन साक्यासारखं तळाशी बसतं आणि शेवटच्या डोसात सगळं एकदम पोटात जातं. मी पुस्तक मिटलं आणि मागच्या फळीवरच्या सस्पेन्शनच्या बाटल्यांकडे बघत बसलो. बत्तीस वर्षं प्रत्येकाला सांगतोय, "बाटली हलवून घ्या हो." लोक मान डोलावतात आणि न हलवताच घेतात. माझे वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. मिक्स्चरच्या बाटलीला कातरलेली कागदी पट्टी चिकटवून डोस दाखवायचे आणि वर हेच वाक्य. त्या बाईने त्या एका वाक्यावर कादंबरी उभी केली.

तर प्रश्न दोन. औषधं आणि विषं इतकी चोख असलेली तिची आणखी पुस्तकं कोणती? आणि कुठल्या क्रमाने वाचू?

एक तक्रारही आहे. दुसरं पुस्तक म्हणून एका वाचनालयातून (नाव घेत नाही) 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' आणलं. चाळिसाव्या पानाच्या समासात कोण्या महाभागाने पेन्सिलने लिहून ठेवलंय, 'खुनी हाच', आणि एका नावाकडे बाण. पुस्तक तिथेच मिटलं. असल्या माणसाला काय शिक्षा द्यावी?

पंचवटी_पासधारक

दादा, आधी पुस्तक उघडा. ॲक्रॉइड अर्धवट सोडणं म्हणजे मिसळ मागवून रस्सा परत पाठवणं. १९२६ सालचं पुस्तक. त्यावरून तेव्हा रहस्यकथा वाचणाऱ्यांत भांडणं लागली, ही फसवणूक आहे की कमाल आहे म्हणून. यापुढे एक शब्द बोलणार नाही.

मी एकोणीस वर्षं नाशिकरोड ते मुंबई पंचवटीने अप-डाऊन केलं. पासवाल्यांच्या डब्यात सगळ्यांचे चेहरे, डबे, दुखणी, सासवा पाठ. 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' (१९३४) मी त्याच डब्यात वाचलं. कसारा घाटात दरड आली होती, गाडी अडीच तास उभी. कादंबरीतली गाडी बर्फात अडकलेली, डब्यात प्रेत, खुनी डब्यातच. मी मान वर करून समोरच्या बाकावरच्या चौघांकडे पाहिलं. रोज भाजी निवडणाऱ्या बायका होत्या त्या, पण त्या दिवशी त्यांच्या सुऱ्या जरा जास्तच चकाकत होत्या.

बाईंनी हे घरबसल्या रचलेलं नाही. १९३१ च्या डिसेंबरात त्या स्वतः ओरिएंट एक्स्प्रेसमध्ये अडकल्या होत्या. तेव्हा पावसाने रूळ वाहून गेले होते. नवऱ्याला लांबलचक पत्र लिहून त्यांनी डब्यातल्या प्रवाशांची वर्णनं कळवली. हा दुसरा नवरा, मॅक्स मॅलोवन, उत्खनन करणारा, त्यांच्याहून जवळजवळ चौदा वर्षांनी लहान. आपल्याकडे असं असतं तर कादंबरी वेगळीच झाली असती.

खलबत्ता

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

पहिल्या महायुद्धात बाईंनी टॉर्की या त्यांच्या गावी आधी रुग्णालयात परिचारिका म्हणून आणि मग तिथल्याच औषध विभागात काम केलं. १९१७ मध्ये रीतसर परीक्षाही दिली. ज्या फार्मासिस्टकडे शिकायला जात, तो एकदा दशांशचिन्ह चुकवून गुदवर्त्या (सपोझिटरी) करत होता. म्हणजे औषध भलतंच जास्त. शिकाऊ पोरीने साहेबांना चूक कशी दाखवायची? तिने पाय अडखळल्याचं नाटक केलं, सगळं खाली पाडलं, वर पायाखाली तुडवलं आणि माफी मागितली. आत्मचरित्रात आहे हे. (तुमच्याकडे शिकाऊ मुलं असतील तर त्यांचं सांडणं जरा निरखत जा.) तोच गृहस्थ खिशात क्युरारे या विषाचा खडा बाळगायचा, जवळ असला की ताकद वाटते म्हणायचा. हा माणूस त्यांच्या डोक्यात चाळीसेक वर्षं राहिला आणि 'द पेल हॉर्स'मध्ये (१९६१) उतरला.

त्या पुस्तकाचं विष सांगत नाही, लक्षणं मात्र इतकी नेमकी आहेत की १९७७ मध्ये कतारहून लंडनला आणलेल्या एका बाळाचा आजार डॉक्टरांना उमगेना, तेव्हा ते पुस्तक वाचत असलेल्या नर्सने निदान सुचवलं आणि ते बरोबर निघालं.

'फाइव्ह लिटल पिग्ज' (१९४२) नक्की घ्या. सोळा वर्षांपूर्वीचा विषप्रयोग, पुरावा म्हणून फक्त पाच माणसांच्या आठवणी. माझ्या मते हे त्यांचं सर्वांत चांगलं पुस्तक. 'सॅड सायप्रेस' (१९४०) तर तुम्ही माझ्याआधी ओळखाल, त्यात औषधाच्या लेबलाचा तुकडा सापडतो. 'अ पॉकेट फुल ऑफ राय'मध्ये (१९५३) विष मुरांब्यातून जातं. क्रमाची फिकीर करू नका, फक्त 'कर्टन' शेवटी ठेवा. ते त्यांच्या गुप्तहेराचं, पॉयरोचं, अखेरचं प्रकरण. दुसऱ्या महायुद्धात लिहून तिजोरीत ठेवलं होतं, निघालं १९७५ मध्ये. तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने पॉयरोचा मृत्युलेख पहिल्या पानावर छापला, खरा माणूस गेल्यासारखा.

स्पष्टवक्ता_सातपूर

कौतुक पुरे. मी आठ-दहा वाचली. बंगला, चहा, कर्नल, मोलकरीण, प्रेत. पात्रं पुठ्ठ्याची, शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून भाषण. मोलकरीण तर बहुतेक वेळा दुसरं प्रेत व्हायलाच असते. गरिबाच्या जिवाची किंमत नाही. त्यापेक्षा आपल्या सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास घ्या, निदान माणसं ओळखीची वाटतात. आणि 'पोस्टर्न ऑफ फेट' (१९७३) कोणी सुचवलं तर त्याला ब्लॉक करा. शेवटी लिहिलेली कादंबरी, काही केल्या पुढे सरकत नाही.

पंचवटी_पासधारक

शेवटच्या मुद्द्याला +१. मोलकरणीचा मुद्दाही अर्धा मान्य. पण 'अ पॉकेट फुल ऑफ राय' वाचलंत का? तिथे मिस मार्पल, बाईंची ती म्हातारी गुप्तहेर, येते तीच मुळी एका मोलकरणीसाठी. तिने स्वतः शिकवून तयार केलेली साधी पोर, मारली वर नाकाला कपड्याचा चिमटा लावून ठेवली. म्हातारी पेपर वाचते, रागावते आणि गाडी पकडून हजर होते. आणि शेवटचं पान... जाऊ द्या, रडायला आलं होतं. भाषणांविषयी म्हणाल तर 'स्टाइल्स'चा शेवट आधी कोर्टात घडत होता, प्रकाशकाने बदलायला लावला. खोलीतलं भाषण तिथून सुरू झालं.

कारंजावाला

सगळ्यांचे आभार. स्पष्टवक्ता साहेब, पुठ्ठ्याची पात्रं मला चालतात, औषधं पुठ्ठ्याची नकोत. 'स्टाइल्स'मधल्या विषाच्या जाणकारीचं इंग्लंडातल्या औषधवाल्यांच्या मासिकाने कौतुक केलं होतं म्हणे आणि बाईंना त्याचं फार अप्रूप होतं. का नसेल? आमच्या लाइनीत कौतुक कोण करतं. गोळी लागू पडली तर श्रेय डॉक्टरांचं, नाही पडली तर आमची गोळी डुप्लिकेट.

मुलीने फोनवर आणखी एक सांगितलं, तेही इथे टाकतो. इराकात निमरूदच्या उत्खननात हस्तिदंती मूर्ती सापडल्या, तेव्हा त्यांच्या भेगांतला चिखल बाईंनी विणायच्या बारीक सुईने आणि आपल्या तोंडाला लावायच्या क्रीमने काढला. क्रीम इतकं खपलं की तोंडाला उरलं नाही. माझ्याकडे कोल्ड क्रीमच्या खोक्यावर यापुढे वेगळ्या आदराने हात पडेल.

बरं, ॲक्रॉइड. पासधारक ताईंच्या धाकाने पुन्हा उघडलं. समासातला तो बाण डोक्यात ठेवूनच वाचत गेलो. पेन्सिलवाल्याने दाखवलेला माणूस जे बोलेल त्यात खोट दिसायला लागली. दुकानात मुलाला म्हणालो सुद्धा, "बघ, हा सापडणार आता." काल रात्री पावणेबाराला शेवटचं प्रकरण संपलं. बायको झोपेतून उठून आली, मला वाटतं मी मोठ्याने काहीतरी ओरडलो.

मंडळी, बाण चुकीच्या नावाकडे आहे. साफ चुकीच्या. तो शहाणा चाळिसाव्या पानावर अंदाज बांधून मोकळा झाला होता, पुढे वाचलं की नाही देव जाणे.

खलबत्ता

काका!!! ती प्रत मी पण वाचली आहे बहुतेक. निळं कव्हर, मागे चहाचा डाग? मी तर ते नाव बघून चिडून पुस्तक तसंच परत केलं होतं. उद्याच आणते.

कारंजावाला

तीच. चहाचा डाग माझ्याआधीचा आहे, माझ्यावर घेऊ नका. आज सकाळी परत केली. जाताना खिशात खोडरबर घेऊन गेलो होतो, पान चाळीस उघडलं, बाणाकडे बघितलं आणि खोडरबर पुन्हा खिशात टाकलं. आता 'फाइव्ह लिटल पिग्ज' आणलंय. समास कोरे आहेत, तीनदा तपासले.