मदत हवी आहे: कमी बजेटचे भयपट-संग्रह, पण वेगळ्या लोकांनी केलेले

आमच्या चित्रपट मंडळात एका संध्याकाळी छोट्या भयकथांचे संग्रहपट दाखवून चर्चा करायची आहे. विषय: भीती कोणाची आणि कॅमेरा कोणाच्या हातात?

यादीत 'टेल्स फ्रॉम द हूड' (1995) आहे. रस्टी कंडीफ यांनी त्यात पोलिसी अत्याचार, घरातली मारहाण आणि वर्णद्वेष या गोष्टींतूनच भय उभं केलंय. भूत तिथे अन्यायाचा हिशोब मागायला येतं, म्हणून तो मला फार मोलाचा वाटतो. दुसरा 'एक्सएक्स' (2017), चार कथा आणि चौघींचं दिग्दर्शन. 'द एबीसीज ऑफ डेथ' (2012) पाहिला. अक्षरागणिक एक असे 26 लघुपट, दिग्दर्शक अनेक देशांतले, पण बायका अगदी मोजक्या. म्हणून तो फक्त चर्चेत उल्लेखापुरता.

अडलंय ते भारतीय बाजूला. नेटवरच्या याद्यांत मोठ्या स्टुडिओंचीच नावं येतात. दलित, आदिवासी, क्विअर किंवा अपंग दिग्दर्शकांनी स्वतः केलेली भयकथा हवी आहे. पाड्यावरचा मांत्रिक किंवा शापित हिजडा एवढ्यापुरतीच ही माणसं दिसतात, तसलं नको. भाषा कुठलीही चालेल, सबटायटल्स मात्र हवीत. एकेक कथा अर्ध्या तासाच्या आतली असावी. पायरेटेड प्रत दाखवणार नाही आणि प्रदर्शन-शुल्काची तयारी आहे, त्यामुळे नुसती यूट्यूब लिंक पुरणार नाही.

अशी कुठली फिल्म तुम्ही स्वतः पाहिली आहे का? आणि संग्रहातली एकच कथा दाखवायची तर परवानगी निर्मात्याकडे मागायची, वितरकाकडे, की त्या कथेच्या दिग्दर्शकाकडे?