क्रिमिनॉलॉजीच्या पीएचडीला सरकारनं पैसे का द्यावेत?

कोरडवाहू
परवा घरी जेवताना वाद झाला, त्यातून हा धागा. मी क्रिमिनॉलॉजीत (गुन्हेगारीशास्त्रात) पीएचडी करतोय, विषय आहे जामीन मंजूर होऊनही आतच राहिलेले कच्चे, म्हणजे खटला अजून न संपलेले, कैदी. मामा म्हणाले, त्या चोरांचा अभ्यास करायला तुला सरकारनं पैसे का द्यायचे? मला तिथं नीट बोलता आलं नाही म्हणून इथं लिहितो. नेट परीक्षेतून जेआरएफ फेलोशिप मिळवणाऱ्याला जानेवारी 2023 पासून महिना 37 हजार, दोन वर्षांनी 42. ती मला नाही. केंद्रीय विद्यापीठात नॉन-नेटला 8 हजार, 2012 साली ठरलेले. केंद्रीय गृहखात्याच्या बीपीआरअँडडीची (पोलीस संशोधन ब्यूरोची) खास आमच्या विषयासाठी फेलोशिप आहे पण जागा मोजक्या, आणि राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या समाजगटांप्रमाणे फेलोशिप देणाऱ्या संस्था, ज्याला ज्यात बसता येईल त्याला. पण हे सगळं पोटापाण्याचं झालं. पाच जिल्ह्यांच्या कोर्टात हेलपाटे, पुण्याला कारागृह मुख्यालयात परवानगीसाठी चकरा, मुलाखतींचं टायपिंग हे कशातून करायचं? जेआरएफवाल्याला सुद्धा वर्षाची कंटिन्जन्सी (किरकोळ खर्चाची रक्कम) 10 हजार. माझं म्हणणं, प्रबंधाच्या फील्डवर्कसाठी वेगळे दीड-दोन लाख एकरकमी द्या. बोला.

खाकी_निवृत्त
बोलतो. 31 वर्षं खात्यात काढली. पीएचडीवाले यायचे, वरच्या साहेबांचं पत्र दाखवायचे, रात्रभर बंदोबस्त करून आलेल्या हवालदाराला प्रश्नावली भरायला बसवायचे आणि गेले की गेले, काय निघालं ते सांगायला एकही परत आला नाही. तुमचे दोन लाख फॉरेन्सिक लॅबला द्या. आता बीएनएसएसमध्ये (सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या कायद्यात) सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाले जागेवर गेलेच पाहिजेत अशी तरतूद आहे, माणसं कुठून आणणार? एका व्हिसेरा (मृताच्या अवयवांच्या तपासणीच्या) रिपोर्टसाठी आम्ही किती पत्रं लिहायचो ते माझं मला माहीत.

वकीलीण
काका व्हिसेऱ्याचं शंभर टक्के मान्य. पण माझ्याकडचं ऐका. पोराला 15 हजारांचा जामीन मिळाला, झारखंडचा, इथं बांधकामावर होता. जामीनदार आणा, त्याचा सातबारा आणा नाहीतर तहसीलचा ऐपतीचा दाखला. कुठून आणेल? नुसत्या जातमुचलक्यावर (स्वतःच्या लेखी हमीवर) सोडा म्हणून परत अर्ज, परत तारीख. पोरगा आतच. देशात 2022 अखेर 5,73,220 कैदी होते, त्यातले 4,34,302 कच्चे, म्हणजे शंभरात जवळपास शहात्तर. आणि गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना 2023 पासून आहे की, तेव्हा जामिनाला 40 हजारांपर्यंत, दंडाला 25 हजारांपर्यंत ठरलं होतं, वर्षाला 20 कोटी ठेवले. तरी राज्यं पुढं येत नाहीत म्हणून मंत्रालयालाच पुन्हा पत्रं पाठवायला लागली. पैसे आहेत, कैदी आहेत, मधे अडतंय कुठं? हे कोणीतरी कागद हातात घेऊन एकेक केस बघितल्याशिवाय कळणार नाही.

खाकी_निवृत्त
मग जेलरला विचारा ना. यादी त्याच्याकडं असते. एवढ्यासाठी पाच वर्षांची पीएचडी?

वकीलीण
यादीत नाव असतं काका, कारण नसतं.

तिरकस
मी पैसे देण्याच्या विरोधात, पण काकांच्या कारणानं नाही. डिसेंबर 2023 ला नागपूर अधिवेशनात पीएचडी करून काय दिवे लावणार असं विचारलं गेलं तेव्हा चिडलेल्यांत मीही होतो. माझा मुद्दा वेगळा आहे, पैसे गृहखातं देणार आणि तुम्ही पोलीस कोठडीतल्या मारहाणीवर लिहिणार? नाही लिहिणार. कोणी अडवणार नाही, तुम्हीच विषय बदलाल, "सामुदायिक पोलिसिंग" वगैरे घ्याल. दुसरं, सुटे दोन-दोन लाख वाटून काय होतं? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा फाशीच्या कैद्यांवरचा 2016 चा रिपोर्ट बघा, 385 पैकी 373 जणांचं किंवा त्यांच्या घरच्यांचं म्हणणं गोळा केलं होतं. ते एकट्या विद्यार्थ्याचं काम नाही, टीमचं आहे. असे दोन-चार मोठे प्रोजेक्ट करा, नुसते प्रबंध नकोत.

कोरडवाहू
पहिला मुद्दा लागला. मी स्वतः कोठडीतल्या मृत्यूंवर करणार होतो, गाइडनी विचारलं परवानगी कोण देईल, आणि मी जामिनावर आलो. कुणी धमकी दिली नाही, काही नाही. म्हणून तर म्हणतो पैसा गृहखात्यातून नको, यूजीसी किंवा विद्यापीठातून यावा आणि निवड करणाऱ्यांत पोलीस नकोत. पण दुसरं पटत नाही. टीम आकाशातून पडते का? कैद्याशी कसं बोलायचं, समोर शिपाई उभा असताना तो काय सांगणार नाही हे ओळखायचं, हे आधी एखाद्या जेलच्या दारात महिनोन् महिने बसूनच येतं. तुमच्या टीममध्ये असलीच माणसं लागतात.

फेलोशिपग्रस्त
दीड लाख का दोन लाख हे नंतर भांडा, आधी जे आहे ते वेळेवर द्या. माझी फेलोशिप (संस्थेचं नाव घेत नाही, अजून दोन हप्ते अडकलेत) अकरा महिन्यांनी एकदम आली. तोवर भावाकडून उसने, मेसवाल्या काकूंची उधारी, आणि फील्डवर्क सोडून अकरावीच्या शिकवण्या. पैसे आले तेव्हा ज्यांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या त्यातले निम्मे सुटून गावाला गेले होते. त्यांच्यासाठी चांगलंच झालं म्हणा.

खाकी_निवृत्त
शिकवण्यांचं वाचून वाईट वाटलं. तरी माझं मत तेच. हां एक अट घाला, पैसे घेतले तर शेवटी दहा पानं मराठीत लिहून त्या पोलीस ठाण्यात आणि त्या जेलमध्ये नेऊन द्यायची, शेवटचा हप्ता त्यानंतरच. मग निदान विरोध करणार नाही.

कोरडवाहू
दहा नाही वीस लिहितो. पण हप्ता अडकवायची आयडिया देऊ नका हो, वरचा प्रतिसाद वाचलात ना?

तिरकस
आणि त्या दहा पानांत ठाणेदाराविरुद्ध काही असलं तर पोच कोण देणार?

वकीलीण
पोच सोडा. ऑडिटवाले रिक्षाचं बिल मागतात, आमच्या कोर्टाबाहेरचा रिक्षावाला पावती देतो का ते आधी कोरडवाहूनं विचारून घ्यावं.