गोल्डबर्ग कशावर ऐकायचं? (पियानोवाल्यांनी आधी शीर्षपृष्ठ वाचावं)

दोनमजली:
काल एकानं इथे लिहिलं: "बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स ऐकायची तर पियानोवरच. हार्पसिकॉर्ड म्हणजे पत्र्यावर गारा, आणि तीन तंतुवाद्यांची आवृत्ती म्हणजे हॉटेलच्या लॉबीतली करमणूक." उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा.

गोल्डबर्ग म्हणजे एकाच मूळ रचनेची ३० रूपं (व्हेरिएशन्स), आणि १७४१ च्या छापील प्रतीवर सरळ लिहिलंय: दोन मॅन्युअलच्या, म्हणजे एकावर एक अशा पट्ट्यांच्या दोन ओळींच्या, हार्पसिकॉर्डसाठी (पियानोच्या आधीचं, तार छेडून वाजणारं वाद्य). ही शोभेची ओळ नाही. ८, ११, १४, २०, २३, २६, २८ या क्रमांकांची रूपं उघडून बघा. दोन्ही हात एकाच जागेत घुसतात. पियानोवर एका हातानं दाबून धरलेली पट्टी दुसरा हात वाजवणार कशी? ती आधीच खाली गेलेली असते. मग पियानोवाला एक हात मनगट उचलून पट्ट्यांच्या आतल्या टोकाला नेतो, दुसरा कडेला ठेवतो. तरी अडलं की सूर या हातातून त्या हातात देतो, नाहीतर चक्क गाळतो.

मधला आवाज:
गाळला तर गाळला एखादा सूर. १० वी आणि २२ वी चार आवाजांच्या, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या चार स्वतंत्र ओळींच्या, आहेत. त्यातला आतला आवाज पियानोवर बोटाच्या वजनानं वर काढता येतो. हार्पसिकॉर्डची पट्टी हळू दाबा नाहीतर आपटा, तार तेवढीच छेडली जाते. आणि २५ वी, संथ अडाजिओ! तार छेडली की सूर विरायला लागतो, तिथे गाणार काय?

दोनमजली:
२५ वी सुद्धा दोन मॅन्युअलचीच आहे, हे सोयीस्कर विसरलात. वरची ओळ एका मॅन्युअलवर, साथ दुसऱ्यावर. रंगच वेगळा, वजनाची गरज काय? विरणाऱ्या सुराचं म्हणाल, तर आधीची पट्टी किंचित उशिरा सोडायची, म्हणजे पुढचा सूर तिच्या गुंजनावर बसतो. फक्त कपलर (दोन्ही मॅन्युअल जोडणारी कळ) काढलेला हवा. ७ वी दोन्ही मॅन्युअल जोडून भरगच्च वाजवली आणि ८ वीआधी कपलर काढायला विसरलं, तर खालच्या पट्ट्यांबरोबर वरच्याही दबतात आणि पियानोचीच अडचण परत दारात.

भाता_आणि_रीड:
कपलर म्हटलं की आमची पेटी आलीच. पेटीवर आकाशवाणीनं १९४० ला घातलेली बंदी १९७१ पर्यंत हलली नाही. एक मोठं कारण, सूर बेसूर. पियानोचा गंधारही शुद्ध गंधारापेक्षा १४ सेंट (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढाच असतो. त्याला कोणी हटकलं?

मधला आवाज:
झालं! बाखच्या धाग्यात पेटी. सूर मोजायचं मीटर सुरू ठेवून गाणं ऐकणाऱ्यांसाठी वेगळा विभाग काढा.

दोनमजली:
पेटीवाल्यांचा मुद्दा बरोबर आहे, चिडू नका. हार्पसिकॉर्ड पियानोसारखं समान स्वरांतरात (बाराही सूर सारख्या अंतरावर) लावायचं बंधन नाही. वल्लोटी नावाच्या जुन्या पद्धतीनं लावा: एफ ते बी मधले सहा पंचम प्रत्येकी साधारण ४ सेंट अरुंद, उरलेले सहा शुद्ध. जी षड्ज धरला तर बी हा गंधार मग ६ सेंटच चढा राहतो. ३० पैकी २७ रचना जी मेजरमध्ये (षड्ज जी, गंधार शुद्ध), फक्त १५, २१ आणि २५ मायनर (गंधार कोमल). म्हणजे ज्या षड्जावर पाऊण तासाहून जास्त बसायचं, तिथलाच गंधार गोड.

भाता_आणि_रीड:
मग पेटीच वल्लोटीत लावतो की. रीडच्या टोकाशी खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो.

दोनमजली:
खुशाल लावा, पण पांढरी पाचवरच, म्हणजे जी वरच, गा. काळी एकचा (सी शार्पचा) षड्ज धरलात तर तिथून गंधारापर्यंत नेणारे चारही पंचम शुद्ध, म्हणून गंधार २२ सेंट चढा. बंदी घालणाऱ्यांना आयतंच कोलीत.

चौथा आवाज कुठाय:
तंतुवाद्यांना लॉबीत बसवून सगळे पेटीकडे पळाले. व्हायोलिनवादक सितकोवेत्स्कींची १९८५ ची ट्रायो (तीन तंतुवाद्यांची) आवृत्ती कॅननसाठी, म्हणजे एक आवाज दुसऱ्याची धून मागून उचलतो त्या रूपांसाठी, ऐकाच. दोन आवाज एकमेकांचा पाठलाग करतात ते व्हायोलिन आणि व्हियोलावर, बास चेलोवर; कोण कुठून शिरला ते आंधळ्यालाही कळेल. २७ वीत तर बासही नाही, दोघांतच निपटतं. आणि गंधाराचं भांडणच नाही, बोट सरकवलं की झालं.

मधला आवाज:
नाव चौथा आवाज आणि वकिली तिघांची! १० वीतला चौथा कोण वाजवतो? एका गजानं दोन तारा ओढायच्या, नाहीतर आवाज सोडायचा. चेलो सी च्या खाली उतरत नाही, मूळ रचना त्याखालच्या जी पर्यंत जाते. म्हणजे तो बास एक सप्तक वर. आम्ही सूर गाळला की गुन्हा, तुम्ही उचलून वर ठेवला की कला?

चौथा आवाज कुठाय:
मान्य, १० वीत आणि खर्जात मार खातो. २० वीचे तुकडेही तिघांत वाटले की फेकाफेकी वाटते. कॅनन सोडून बाकी तुमचं तुम्हाला लखलाभ.

मधला आवाज:
उपकार झाले. २६ वी दोन मॅन्युअलवर ऐकेन एकदा, घ्या. २५ वी मात्र पियानोवरच.

भाता_आणि_रीड:
काळी एकवर गाणाऱ्यांनी काय करायचं, ते राहिलंच.