दिवाडी-चोडणला जाताना: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, गोव्यातलं बेट म्हटलं की लोक समुद्राकडे बघतात. दिवाडी आणि चोडण मात्र मांडवीतली बेटं, फेरीबोटीनं काही मिनिटांवर. हल्ली सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर परराज्यातल्या गाड्यांची रांग लागते. तिथे राहणारे, पाहुणे नेणारे, फिरून आलेले, सगळ्यांनी लिहा. उपदेश नको, घडलेलं सांगा.

चोडणची सून
आम्हाला फेरी म्हणजे ऑफिस, शाळा, दवाखाना. फोटोसाठी रॅम्पवर उभं राहिलं की खलाशी ओरडतो, आणि पाहुण्यांना तो उद्धट वाटतो. अहो, त्याला रॅम्प उचलायचा असतो! गाडी पलीकडे, पणजीच्या बाजूच्या रिबंदरलाच ठेवा. पक्षी अभयारण्य चोडणच्या धक्क्याला लागूनच आहे, चालत जाता येतं.

दिवाडीचा शेतकरी
आमच्या खाजणांबद्दल, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या भातशेतांबद्दल, कोणी बोलत नाही, म्हणून जरा लांबण लावतो. शेत नदीपेक्षा खाली, मध्ये चिखलमातीचा बांध, आणि बांधात मानस, म्हणजे पाण्याची ये-जा सांभाळणारं दार. भरतीच्या पाण्यानं मानशीचं दार आपोआप दाबून बंद होतं, ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. बाहेरून बघणाऱ्याला बांध म्हणजे सूर्यास्ताचा रस्ता. मागे लग्नाआधीचे फोटो काढणारी एक टोळी थेट जीप घेऊन वर चढली. कडेची माती ढासळली. नवरीमुलगी पदर सावरत उभी, आणि आम्ही चार-पाच जण भरतीच्या आत भगदाड बुजवायला घमेली उचलतोय. खारं पाणी एकदा आत शिरलं की भाताचं काय होतं ते शेतकऱ्यालाच विचारा. वर 'रस्ता सरकारी आहे' हे ऐकावं लागलं ते वेगळंच. बांधावरून चाला, खुशाल चाला. चाकं नकोत.

डिचोलीहून, पक्षीवेडा
चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम 178 हेक्टर, सगळं कांदळवन. आमच्या होडीत एकानं स्पीकर लावला. होडीवाल्यानं काही न बोलता इंजिन बंद केलं आणि वल्हं आडवं धरून बसला. स्पीकर बंद झाला तेव्हाच होडी हलली. मला फार आवडला तो माणूस.

पुण्याची पाहुणी
दिवाडीवरच्या पिएदाद गावात एक आजी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसल्या होत्या. घर इतकं सुंदर, की हात मोबाईलकडे गेलाच. आधी विचारलं, तर म्हणाल्या, 'घराचा काढ, माझा नको.' मग बसवून गप्पा मारल्या. परक्याचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये, असं पर्यटन खात्यानंही 2023 च्या जानेवारीत पर्यटकांना सांगितलं होतं.

पणजीकर
सगळं खरं, पण पाहुणेच नकोत असा सूर नको. होमस्टे, होडीवाले, पोदेर (पाववाले) यांचं पोट त्यावरच चालतं. रात्री गाड्यांत गाणी लावणाऱ्यांचा मात्र मलाही वैताग येतो.

दिवाडीचा शेतकरी
पाहुणे नकोत असं कुठे म्हटलं? ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी आमच्या बोंदेराच्या सणाला जरूर या. झेंड्यांची मिरवणूक बघा, फोताशी, म्हणजे बांबूची खेळण्यातली बंदूक, उडवा. फक्त त्या दिवशी गाडी पलीकडेच ठेवा आणि फेरीतून उतरून चालत वर या.