मदत हवी आहे: एमएस्सी केमिस्ट्रीसाठी ४ लाखांचं कर्ज झेपेल का?

दोन वर्षांचा कोर्स, दरवर्षी २ लाखांची उचल, व्याज १०.५ टक्के. हप्ते कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू. तोवर सरळव्याजच १,०५,००० होतं आणि मुद्दलात मिळतं. मग ७ वर्षांचा हप्ता साधारण ८,५००. व्याज दरमहा भरत गेलं तर तोच ६,७५० च्या आसपास. हा फरक बरेचजण धरतच नाहीत! शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची करसूटही (८०ई) फक्त जुन्या करप्रणालीत.

महाड, लोटे, तारापूर, कुरकुंभकडच्या केमिकल कंपन्यांत क्यूसी (गुणवत्ता तपासणी) किंवा आर अँड डीत (संशोधन) असलेल्या मंडळींनी कृपया सांगावं: फ्रेशरच्या हातात पीएफ कापून नेमके किती येतात? सीटीसी (कंपनी सांगते तो एकूण पॅकेजचा आकडा) नको. खोली-मेस वजा जाता हप्ता निघतो का? आणि एमएस्सीला ॲनालिटिकल शाखा घेऊन एचपीएलसी, जीसीवर (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारी यंत्रं) हात बसलेला असेल तर सुरुवातीलाच जास्त देतात, की ऑरगॅनिकच बरं?