खर्चाच्या वहीइतक्याच तारखाही पाहाव्यात
पैसे पुरावेत म्हणून विद्यार्थ्यांनी रोजच्या चहा-मिसळीचा खर्च वहीत लिहावा, असे सुचवले जाते; ती सूचना योग्यच आहे. परंतु कोल्हापुरात खोली घेऊन शिकणाऱ्या मुलांची ओढाताण, माझ्या मते, चहापेक्षा तारखांमुळे अधिक होते. खोलीची अनामत आणि खानावळीचे आगाऊ पैसे सत्राच्या आरंभीच द्यावे लागतात, तर शिष्यवृत्तीची रक्कम बऱ्याचदा काही महिन्यांनी हाती येते. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीच्या अर्जाचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, आणि रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होत असल्याने, गावाकडचे एखादे बंद पडलेले जुने खाते जोडलेले राहिले असल्यास ती अडकून पडते. म्हणून बँकेत जाऊन ही जोडणी आधीच तपासून घ्यावी. पात्र विद्यार्थ्यांनी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठीही अर्ज करावा (त्याची चौकशी मुले फार उशिरा करतात). शिवाजी विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना आहेच. शिष्यवृत्ती हाती येईपर्यंतच्या मधल्या काळात मोबाईलवरच्या झटपट कर्जापेक्षा घरून उसने घेतलेले बरे. खानावळीत खाडे धरतात का (म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करतात का) आणि सलग किती दिवसांचे धरतात, हेही पैसे भरण्यापूर्वीच विचारावे. दर शनिवार-रविवारी गावी जाणाऱ्याला त्याने महिन्याकाठी चांगलाच फरक पडतो.